पिन, बुश आणि बघे

वऱ्हाडात माणूस घसरून पडला तर दोघे जण धावतात. जेसीबीची बकेट निखळून पडली तर अख्खा पार रिकामा होऊन शेतात येतो. मे २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ या शब्दांनी देशभरातल्या मोबाइलांवर धुमाकूळ घातला आणि खोदकाम बघायला जमणाऱ्या गर्दीची टिंगल झाली, तेव्हा आमच्या अमरावतीला त्यात हसण्यासारखं काय आहे हेच कळलं नव्हतं. पारा ४५ अंशांना टेकलेला, कापूस विकून झालेला, पेरणीला अजून महिना. अशा वेळी बाभळीच्या सावलीत उभं राहून दुसऱ्यानं केलेला खड्डा बघण्याइतकं शहाणपणाचं काम दुसरं कोणतं?

तरीही जाणकार बघ्या खोदाईला येत नाही. तो मशीन मोडल्यावर येतो. खोदाईत नुसतं बघायचं असतं, मोडतोडीत सल्ला देता येतो.

‘‘काऊन बाप्पा, काय झालं?’’

‘‘पिन गेली.’’

‘‘मी तं कालच म्हनलं होतं, आवाज येऊन रायला म्हनून.’’

हे म्हणणारा काल गावात नसतो, अकोल्याला लग्नाला गेलेला असतो. पण आवाज आला होता हे मात्र खरं. आवाज नेहमीच आलेला असतो.

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे साळेबुवांकडे, असं एक पिवळं मशीन आहे. पुढे माती भरायची रुंद बकेट, मागे खोदायची अरुंद बकेट, आणि मधल्या काचेच्या खोलीत खर्रा चघळणारा ऑपरेटर. हप्ते अजून संपायचे आहेत, मशीन मात्र संपत आलंय. ते बंद पडलं की मला फोन येतो. ‘‘जवाईबुवा, जरा बडनेऱ्यापर्यंत या नं.’’ मला त्यातलं काही कळतं म्हणून नव्हे, माझ्या गाडीच्या डिकीत वेल्डिंगवाल्याचं सामान मावतं म्हणून. या विषयातलं माझं सगळं शिक्षण त्या डिकीच्या जोरावर झालं.

मोडतोड झाली की पहिला आरोप जमिनीवर होतो. ‘‘आपली जमीनच खराब आहे बाप्पा!’’ हेच साळेबुवा एरवी त्याच जमिनीचा भाव सांगताना ‘‘सोनं आहे सोनं’’ म्हणतात. जमिनीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. वऱ्हाडची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली. ओली झाली की फुगते, वाळली की पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती बकेटमध्ये शिरली की घरजावयाच्या निष्ठेनं तिथंच राहते. पुढच्या, म्हणजे लोडरच्या, बकेटमध्ये साधारण एक घनमीटर माल मावतो, म्हणजे ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या पुढे. ती पडत नाही म्हटल्यावर ऑपरेटर बकेट उलटी करून धाड, धाड, धाड आपटतो. सिलिंडरचा दांडा टोकाला जाऊन ठोकरतो, तो ठोका पिनेत जातो, पिनेतून बुशात, बुशातून सांध्यात. माती तरीही पडत नाही. शेवटी हेल्पर फावडं घेऊन ती काढतो, जे त्यानं आधी केलं असतं तर फावड्याच्या खर्चात भागलं असतं.

काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. बकेटचे दाते माती खातात, मुरूम चावतात आणि पाषाणावर झिजतात. झिजलेला दाता वेळेवर बदलायचा असतो, कारण तो निखळून गेला की त्याच्या आतलं बूड उघडं पडतं आणि तेही झिजतं. मग नवा दाता आणला तरी त्याला बसायला जागाच उरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, आणखी एक गंमत आहे. तिथं संध्याकाळी बोअरच्या पाण्यानं मशीन धुतात. सकाळी मशीन लखलखीत असतं, आणि सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर एखादा गंजाचा ठिपका आलेला असतो. दांडा आतबाहेर होताना त्या ठिपक्याची खरखरीत कड सीलला रोज थोडी थोडी कापते. महिन्याभरानं तेल गळायला लागलं की सील बनवणाऱ्या कंपनीला शिव्या बसतात.

तर जमीन दोषी आहेच. पण मुख्य आरोपी ती नाही.

या मशीनच्या मागच्या हाताची ताकद एका रेषेत असते. माती आपल्याकडे ओढायची, उचलायची आणि बाजूला नेऊन टाकायची. हात आडवा फिरतो तो बकेट हवेत असताना माल टाकण्यासाठी. आमचा ऑपरेटर बकेट जमिनीत रुतवून तसाच आडवा फिरवतो आणि त्या फेऱ्यात दगड, ढेकळं, जुनी भिंत, जे येईल ते झाडून काढतो. गाडगेबाबांचा जिल्हा आहे हे कबूल, पण बाबांचा खराटा झाडण्यासाठीच बनवलेला होता. बकेटचं तसं नाही. या आडव्या झाडझुडीनं हाताच्या बुडाशी असलेल्या मोठ्या पिना वाकतात आणि त्यांची गोल भोकं लांबट होतात. पुढच्या बकेटचा एकच कोपरा बाभळीच्या बुंध्याला लावून झाड उपटलं की लोडरचे दोन्ही हात पिळले जातात. मग बकेट जमिनीवर ठेवली की एक कोपरा टेकतो आणि दुसरा वर राहून सगळ्यांकडे बघतो.

हे झालं खोदाईच्या नावाखालचं काम. त्याशिवाय चिखलात फसलेला ट्रक ओढणं, मांडवाची कमान उभी करणं, गणपती विसर्जनाला नेणं, नवरदेवाला बकेटमध्ये बसवून वरात काढणं, पुढाऱ्याच्या अंगावर फुलं उधळणं हा सगळा जोडधंदा. बकेटमध्ये माणूस बसवू नये असं प्रत्येक मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तक सीटखाली असतं आणि नवरदेव सीटवर मावत नाही.

गावासाठी म्हणूनही मशीननं पुष्कळ सोसलं आहे. जलयुक्त शिवारात नाल्यांचं खोलीकरण झालं. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यातला एक आपला वरूड. माणसं टिकाव-फावडं घेऊन श्रमदान करत होती आणि माणसाला न झेपणारं काम मशीन करत होतं. पाण्याच्या कामाला दिवसरात्र असं काही उरत नाही. दिवसाचा ऑपरेटर म्हणतो, ग्रीस रात्रीवाल्यानं मारलं असेल. रात्रीवाला म्हणतो, दिवसावाल्यानं मारलं असेल. दोघेही एकमेकांवर इतका विश्वास टाकून असतात की गावातल्या दोन भावांत तो सापडायचा नाही.

आता आपण मुद्द्यावर आलो. मुद्दा ग्रीसचाच आहे.

मशीनच्या प्रत्येक सांध्यात एक जाड पोलादी पिन असते आणि ती एका नळीत, म्हणजे बुशात, फिरते. दोघांच्या मध्ये ग्रीसचा पातळ थर हवा. तो असला की लोखंड लोखंडाला लागत नाही आणि बाहेरची धूळही आत येत नाही. ग्रीस संपलं की धूळ आत जाते, आणि आमची धूळ म्हणजे बेसाल्टची भुकटी, कानशीच्या गुणाची. सगळ्या सांध्यांना साधारण दर दहा तासांच्या कामानंतर, म्हणजे रोज, ग्रीस मारायचं असतं. ग्रीसगन हातात घ्यायची, निपल पुसायचं, जुनं काळं ग्रीस बाजूनं बाहेर पडेपर्यंत दाबायचं आणि पुढच्या निपलकडे जायचं. जेमतेम अर्ध्या तासाचं काम. खर्च खर्ऱ्याच्या पुड्यांइतका.

हे काम कुणी करत नाही, कारण हे काम कुणी बघत नाही. माझं मत आता पक्कं झालंय की वऱ्हाडातल्या निम्म्याहून अधिक पिना प्रेक्षकांच्या अभावी तुटतात. खोदाईला गर्दी, वेल्डिंगला गर्दी, क्रेननं बकेट उचलायला तर चहावालाही गाडी घेऊन येतो. सकाळी सात वाजता मशीनखाली वाकून ग्रीस मारणाऱ्या माणसाकडे कुत्रंही थांबून बघत नाही. दुसऱ्या कुठल्या कामात हात इतके काळे होतात आणि नाव इतकं कमी होतं?

‘‘ग्रीस मारलं का रे?’’ साळेबुवा विचारतात.

‘‘कालच तं मारलं, मालक.’’

हे ‘काल’ पोळ्याच्या आधीचं असतं. एखादं निपल तर केव्हाच बुजलेलं असतं. आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं, बाहेरून दाबलं की नवं ग्रीस निपलच्या अंगावरूनच परत येतं, आणि ऑपरेटरला वाटतं की सांधा भरला. मग खडक-खडक आवाज यायला लागतो. त्यावर आमच्या ऑपरेटरकडे उपाय आहे. तो गाण्याचा आवाज वाढवतो.

पिनेत एक मिलिमीटरची ढिलाई आली की हाताच्या टोकाला, दात्यांपाशी, ती कितीतरी पटींनी वाढून दिसते, कारण हात लांब आहे आणि सांधे एकामागून एक आहेत. बकेट लडबडायला लागते. यावर पहिला देशी इलाज म्हणजे वायसर. दुसरा म्हणजे पत्र्याची पट्टी कापून फटीत ठोकणं. तिसरा म्हणजे पिनेलाच वेल्डिंगचा थर देऊन जाड करणं. पिन अशानं जाड होते, पण गोल राहत नाही, आणि तिच्या कातडीला दिलेलं पाणी उतरतं. मग ती बुशाला खाते. बुश संपला की ती हाताच्या मूळ लोखंडाला खाते, आणि तिथून पुढे खर्चाला शून्यं वाढतात.

खरा इलाज लाइन बोरिंग. लांबट झालेल्या भोकांत वेल्डिंगचा थर भरायचा आणि बोरिंग मशीन बसवून दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत पुन्हा गोल कातायची. मग नवा बुश बसवायचा. बुश घणानं ठोकून बसवणं हे पाप आहे, पण ते करताना बघायला मजा येते म्हणून सर्रास होतं. शहाणा मिस्त्री बुश थंड करून बसवतो. कुणीतरी हे ज्ञान साळेबुवांना दिलं आणि त्यांनी चार बुश आमच्या घरी आणून फ्रीजरमध्ये ठेवले. बायकोनं संत्रा बर्फीचा डबा काढायला दार उघडलं आणि माहेरचा उद्धार माहेरच्याच माणसासमोर झाला. पण शास्त्र त्यांच्या बाजूनं होतं. ६० मिलिमीटर व्यासाचा पोलादी बुश ४५ अंशांच्या उन्हातून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला की अंदाजे साडेचार शतांश मिलिमीटरनं आक्रसतो, आणि अनेकदा तेवढंच पुरतं. फक्त बुश काढल्या काढल्या बसवायचा असतो. आमचे बुश फ्रीजरमधून निघून बडनेऱ्यापर्यंत उन्हात, माझ्या डिकीतून गेले. ते घणानंच बसले.

या लाइन बोरिंगवाल्याची वाट बघण्यात आठवडा जातो. साळेबुवांना अशा वेळी जून २०२२ आठवतो. अमरावती ते अकोला रस्ता. वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे बुश खाल्ले आणि मग लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर ३ ते ७ जून या दिवसांत, १०५ तास ३३ मिनिटांत, सलग टाकलं गेलं. गिनेस बुकात नोंद झाली. ‘‘पंचाहत्तर किलोमीटर रोड पाच दिवसात झाला, अन् मह्या चार भोकाले आठ दिवस?’’ मिस्त्री शांतपणे म्हणतो, ‘‘तिथं सातशे मानसं होते मालक. इथं मी एकटा आहो, अन् हे बाकीचे पाहून रायले.’’

बाकीचे खरंच पाहून राहिलेले असतात. कारण आता वेल्डिंग सुरू होणार असतं, आणि वेल्डिंग हा या सगळ्या प्रकारातला राजा. ठिणग्या उडतात, निळा उजेड पडतो, लहान पोट्ट्यांना ‘‘पाहू नको, डोये जातीन’’ असं सांगून मोठे स्वतः बोटांच्या फटीतून बघतात.

हाताला किंवा बकेटला तडा गेला की आमचा वेल्डर त्यावर सरळ एक प्लेट ठेवतो आणि चारी बाजूंनी टाके मारतो. फाटक्या धोतराला नव्या कापडाचं ठिगळ लावलं की धोतर ठिगळाच्या कडेला फाटतं, तेच इथं होतं. प्लेटखाली जुना तडा जिवंतच असतो आणि प्लेटच्या टोकाला, जिथं आडवा टाका संपतो, तिथं नवा तडा सुरू होतो. मग त्यावर दुसरी प्लेट. आमच्या बकेटवर आता इतक्या प्लेटी आहेत की तिचं वजन वाढलंय आणि त्या मानानं माल कमी मावतो. भंगारात तिचा भाव मात्र वाढत असणार.

नीट करायचं तर आधी तडा कुठं संपतो ते शोधायचं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रॉकेल लावायचं, पुसून काढायचं आणि वरून खडूची भुकटी फासायची. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर रेघ उमटते. डोळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ती रेघ दोन बोटं तरी पुढे गेलेली असते. त्या टोकाला गोल भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तडा ग्राइंडरनं घासून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच करायची आणि बुडापासून भरत यायचं. प्लेट लावायचीच असेल तर टोकं निमुळती ठेवायची.

रॉडचं तर महाभारत आहे. जाड, ताकदीच्या पोलादाला कमी हायड्रोजनचे रॉड लागतात आणि ते भट्टीत ३०० अंशांच्या आसपास सुकवून घ्यावे लागतात, नाहीतर रॉडनं शोषलेली ओल वेल्डिंगमध्ये शिरते आणि जोड थंड झाल्यावर आतून तडकतो. आमचा वेल्डर रॉड टिनाच्या छपरावर ठेवतो. ‘‘अकोल्याचं ऊन आहे भाऊ, भट्टी कायले पायजे?’’ अकोल्याच्या उन्हाचा अभिमान मलाही आहे. पण ते ४७-४८ च्या पुढे गेलं की हवामान खात्यापेक्षा आरोग्य खात्याचं काम सुरू होतं. तीनशेला अजून बराच अवकाश आहे.

आणि अर्थिंग. अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावायचा असतो. आमच्याकडे तो जिथं केबल पोचेल तिथं, बहुधा मशीनच्या दुसऱ्या टोकाला, लागतो. मग वीज पिना-बुशांतून वाट काढत जाते आणि जाता जाता आत बारीक खड्डे पाडते. एक तडा बुजतो, चार सांधे खराब होतात. बॅटरीच्या वायरी काढायचं विसरलं तर नव्या मशीनमधला कॉम्प्युटरही जातो आणि त्याला वेल्डिंग करता येत नाही.

एकदा मी वेल्डरला सांगितलं की जेसीबीचे जनक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडातल्या युटॉक्सिटर गावात भाड्याच्या गॅरेजात धंदा सुरू केला तेव्हा त्यांच्यापाशी एक पौंडाला घेतलेलं जुनं वेल्डिंग मशीन होतं. युद्धाच्या भंगारातून त्यांनी एक ट्रेलर बनवून विकला. पुढे १९५३ मध्ये पुढून भरणारा नि मागून खोदणारा पिवळा गडी आला, आणि १९७९ मध्ये हरियाणात बल्लभगडला त्याचा भारतातला कारखाना. वेल्डर चष्मा वर करून ऐकत होता. ‘‘म्हंजे तेबी वेल्डरच होते ना?’’ त्या दिवसापासून तो कंपनीविषयी बरोबरीच्या नात्यानं बोलतो आणि त्यानं दर वाढवलाय.

तेलाच्या नळ्यांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं विनोद कमी आहे. कारच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट दाब या नळ्यांत असतो. नळीला बारीक छिद्र पडलं की तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण हात फिरवून शोधायला गेलं तर ती कातडीतून आत घुसते, आणि मग गाठ सर्जनशी असते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून. बघ्यांनी बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा पुढे केला तर ते सल्ल्यापेक्षा मोलाचं ठरेल.

ब्रेकरचंही तसंच. विहिरीत पाषाण लागला की बकेट काढून ब्रेकर लावतात. त्याची छिन्नी दगडावर दाबलेली असेल तरच ठोका द्यायचा, हवेत ठोकला तर सगळा मार त्याच्याच बोल्टांवर बसतो. आणि फटीत घालून पहारीसारखं उचकटायचं नाही, छिन्नी मोडते. ब्रेकरच्या डोक्यात नायट्रोजन भरलेला असतो. तो संपल्यावर आमचा हेल्पर उत्साहानं म्हणाला, ‘‘वेल्डिंगचा ऑक्सिजन आहे नं, तोच भरू.’’ तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. त्या वेळी मात्र वेल्डर, ऑपरेटर आणि मी, तिघंही एकदम ओरडलो. बघे चार पावलं मागे सरकले, पण गेलं कुणी नाही.

एवढं सगळं झाल्यावर साळेबुवांनी नवी ग्रीसगन आणली, डबाभर ग्रीस आणलं आणि एका संध्याकाळी स्वतः उभं राहून सांगितलं, ‘‘उद्यापासून रोज.’’ दुसऱ्या दिवशी निवडणुकीचा निकाल होता आणि विजयी मिरवणुकीत गुलाल उधळायचं काम आपल्या मशीनला मिळालं होतं. सकाळी जाऊन बघतो तर ऑपरेटर आणि हेल्पर चिंध्या घेऊन एकेका सांध्यावरचं ग्रीस पुसत बसले होते. निपलसुद्धा आगपेटीच्या काडीनं कोरून स्वच्छ केलेलं. इतकं मन लावून मशीनची सेवा चाललेली मी आधी पाहिली नव्हती.

‘‘काऊन रे, पुसता कायले?’’

‘‘ग्रीसले गुलाल चिपकते नं भाऊ. नेत्याच्या पांढऱ्या कपड्याले डाग लागला तं पैसे कापतीन.’’

मिरवणूक दणक्यात झाली. परवा तेच मशीन मोर्शीकडे नाल्यावर लागलं. प्रत्येक झटक्याला कोरड्या सांध्यांतून गुलाबी धूळ भुसकन उडत होती, आणि काठावर बसलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘‘मशीनबी निवडून आली वाटते.’’